स्नो टायर मागेच लावायचे

माझ्या बायकोला अमेरिकेत डॉक्टरकी करता येणार की नाही, हा प्रश्न जानेवारीतल्या एका सकाळी दोन टायरांवर येऊन अडकला. टायर उत्तम होते. नवे कोरे, खोल खाचांचे, रबर इतकं मऊ की नख रुतावं. फक्त ते चुकीच्या चाकांवर होते, आणि गाडीत बसलेल्या दोघांपैकी एकालाच हे माहीत होतं. तो एक म्हणजे मी.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी एका कॉम्प्युटर कंपनीत होतो. बायको नागपूरची एम.डी., तिथल्या सरकारी हॉस्पिटलात चार वर्षं वॉर्ड सांभाळलेली. इथे त्या पदवीला कोणी विचारेना. तिनं परीक्षा पुन्हा दिल्या, पास झाली, आणि मग रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलात परत पहिल्या पायरीपासून उमेदवारी करण्यासाठी, अर्ज पाठवत सुटली. नकार इतके गोड भाषेत यायचे की पहिल्या दोन ओळी वाचून आम्ही दर वेळी आनंदानं उठून उभे राहायचो आणि तिसऱ्या ओळीला खाली बसायचो.

इंटरव्ह्यू एकच आला. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं लहानसं हॉस्पिटल, सोमवार, सकाळी नऊ. नागपूरची नोकरी तिनं सोडलेली नव्हती. बिनपगारी रजा होती आणि ती मार्चअखेर संपत होती. ठरलं होतं असं: इथे जमलं तर राजीनामा, नाही जमलं तर ती परत जाणार. एकटी. माझं काय, तर ‘बघू’. त्या हिवाळ्यात आमच्या घरात ‘बघू’ हा शब्द उच्चारला गेला की दोघांपैकी एक जण उठून भांडी घासायला जायचा.

हा एकुलता एक इंटरव्ह्यू मिळाला तो काकांमुळे. काका माझ्या नात्यातले नव्हेत. भूल देणारे डॉक्टर, साताऱ्याकडचे, साठच्या दशकात इथे आलेले, आणि आम्हा नव्यांचे सार्वजनिक काका. घर कुठे घ्यावं, दात कुठे दाखवावेत, कोट कुठला घ्यावा, हे आम्ही त्यांना विचारायचो आणि ते सल्ला देत नसत, निकाल देत. त्या हॉस्पिटलातल्या प्रमुखांना फोन करून “मुलगी हुशार आहे, निदान भेटून तरी बघा,” असं त्यांनी सांगितलं होतं.

स्नो टायरांचा, म्हणजे हिवाळ्यात बर्फावर पकड राहावी म्हणून लावायच्या टायरांचा, निकालही त्यांचाच. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांच्या घरापुढे सगळ्यांच्या गाड्यांची पूजा असे. परसातला शेवटचा झेंडू, हळदकुंकू, आणि समोर काकांची स्टेशन वॅगन, एवढी लांब की हाराला हार जोडावा लागे. तिच्या शेजारी आमची जुनी जपानी गाडी, श्रीखंडाच्या रंगाची, वॅगनच्या पोटातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी दिसायची.

“काका, आमच्या गाडीला स्नो टायर कसे घ्यायचे?” मी विचारलं.

“दोन घ्यायचे. मागे लावायचे.”

“काका,” बायको म्हणाली, “पण गाडी पुढची चाकं ओढतात की मागची, त्यावर नसतं का ते?”

काकांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. “अगं, घोडा गाडीच्या पुढे असतो की नाही? पण जोर कुठून लावतो? मागच्या पायांनी! वीस हिवाळे काढलेत मी इथे. मागे. नेहमी मागे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू प्रसादाचं ताट घेऊन येत होत्या, त्या तेवढ्या म्हणाल्या, “यांनी घोडा एकदाच पाहिलाय, महाबळेश्वरला. तोही खालून.”

हशा झाला आणि प्रश्न हशात वाहून गेला. वाहून गेलेला तो प्रश्न अगदी बरोबर होता. काकांच्या वॅगनला जोर मागच्या चाकांचा होता, तेव्हाच्या बहुतेक मोठ्या अमेरिकन गाड्यांना असायचा. आमच्या डबीला पुढच्या चाकांचा.

पुढच्या शनिवारी काका जातीनं टायरच्या दुकानात आले. काय तो सोहळा! भेंडीचं टोक मोडून पाहावं तसे ते टायरची कड वाकवून पाहत होते. एक टायर फार कडक, “थंडीत दगड होईल हा.” दुसऱ्याच्या खाचा उथळ, “यात बर्फ बसला की बसलाच, बाहेर नाही यायचा.” तिसऱ्याला लोखंडी खिळे होते, ते त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिले आणि म्हणाले, “कोरड्या रस्त्यावर टपटप वाजतात, झोप येत नाही.” गाडी चालवताना झोप का यायला हवी, हे विचारायची माझी छाती नव्हती. शेवटी एक जोडी पसंत पडली, आणि खरं सांगतो, निवड अव्वल होती.

दुकानदार उंच, ग्रीसनं कोपरापर्यंत माखलेला. त्यानं आमच्या गाडीखाली एकदा वाकून पाहिलं. “ही पुढच्या चाकांवर चालते,” तो मला म्हणाला. “खरं तर चारही बदला. दोनच घेत असाल तर निदान पुढे लावा.”

मी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते, म्हणजे ऐकत होते. आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं माझ्या बायकोसाठी शब्द टाकायचं कबूल केलंय, त्याला परक्यासमोर ‘तुमचं चुकतंय’ कसं म्हणायचं? मी पुण्यात वाढलो. वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा तो ते खोलीतून बाहेर गेल्यावर, असं आमचं शिक्षण.

“मागे,” मी म्हणालो.

दुकानदारानं पावतीवर स्वतःच्या हातानं ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं आणि त्याखाली माझी सही घेतली.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा आमच्याच पार्किंगमध्ये मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि गाडी नाकासमोर गेली. त्या संध्याकाळी गाडीची पुस्तिका काढली. त्यात चित्र होतं, शाळेतल्या पुस्तकात असतं तसं सोपं, आणि बाण पुढच्या चाकांकडे होता. पुढची चाकं मागे, मागची पुढे, एवढंच करायचं होतं. जॅक आणि एक तास. पण काका दर रविवारी यायचे आणि घरात येण्याआधी वाकून आमच्या मागच्या टायरांवर थाप मारायचे, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. इंटरव्ह्यू होईपर्यंत त्यांचं मन कशाला मोडा, मी ठरवलं. बायकोला सांगितलं नाही, कारण तिनं त्यांना फोन केला असता.

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी काका-काकू आले. काकूंनी बायकोच्या हातावर दही-साखर ठेवली, काकांनी टायरांवर थाप मारली. “आता बिनधास्त जा.” टीव्हीवरचा हवामानवाला किरकोळ भुरभुर म्हणाला होता.

सकाळी साडेपाचला मी पडदा सरकवला. समोरच्या गाड्यांच्या जागी नुसते उंचवटे होते.

साडेसहाला निघालो. एरवी सव्वा तासाचा रस्ता. बायकोनं शेजारणीचा काळा सूट घातला होता, पायात बर्फाचे बूट, आणि इंटरव्ह्यूचे बूट मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत. हायवेवर मीठ टाकलेलं होतं, गाड्या रांगेनं हळूहळू चालल्या होत्या. ती पुटपुटत औषधांचे डोस घोकत होती. मी मनात चाकं घोकत होतो.

हायवे सुटला आणि लहान रस्ता लागला. पहिल्याच वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं. गाडीनं विचार केला. मग एका घरासमोरच्या पत्रपेटीकडे सरळ निघाली, शेवटच्या क्षणी कुठेतरी रस्त्याला लागली आणि वळली. पेटी माझ्या आरशाला घासून गेली.

घोकणं थांबलं. “तू वळवलं ना? मग ही वळली का नाही?”

“जरा स्लिपरी आहे.”

“आपल्याला तर स्नो टायर आहेत.”

“आहेत ना.”

पुढे गाव लागलं. चौकात लाल दिवा. मी खूप आधी ब्रेकवर पाय ठेवला, हलकेच, काकांनी शिकवला होता तसा. गाडी थांबली नाही. दिवा जवळ आला, डोक्यावर आला, मागे गेला. डावीकडून दुधाचा ट्रक येत होता. त्याचा भोंगा मला अजून ऐकू येतो. बायकोनं पिशवी छातीशी धरली होती. ट्रकच्या पुढच्या जाळीवर बर्फ कसा गोठला होता, ते मी इतक्या जवळून पाहिलं की चित्र काढून दाखवीन. मग चौक मागे पडला आणि आम्ही पलीकडे होतो, अख्खे.

“काय करून राहिला तू?” ती म्हणाली. नागपूर तिच्या तोंडून बाहेर पडलं की समजावं, पाणी डोक्यावरून गेलं.

घड्याळात आठ वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

हॉस्पिटल टेकडीवर होतं. हे मला नकाशात दिसलं नव्हतं, नकाशे सपाट असतात. वर जाणारा रस्ता पाऊण मैलाचा, एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला झाडं, निम्म्यावर एक वळण. बर्फावरून गाड्या गेलेल्या होत्या आणि त्याचा गुळगुळीत थर झाला होता. मी लांबून वेग घेतला. वळणापर्यंत पोचलो. तिथे इंजिन किंचाळायला लागलं. वेगाचा काटा चाळीस मैल दाखवत होता आणि शेजारचं झाड जागचं हलायला तयार नव्हतं.

मग आम्ही मागे घसरायला लागलो. आणि काय सांगू, घसरताना गाडी किती डौलदार, किती सरळ रेषेत खाली आली! स्नो टायर आता कामाला लागले होते.

दुसऱ्यांदा तर वळणही आलं नाही.

“मी चालत जाते,” म्हणून ती दार उघडून उतरली. चार पावलं गेली. पाचव्याला दोन्ही पाय एकदम वर गेले आणि ती हातावर पडली. परत येऊन बसली तेव्हा गुडघ्यावर मोजा फाटलेला आणि तळहातावर रक्त. तिनं रुमाल गुंडाळला, स्वतःच्या मनगटाची हाडं डॉक्टरच्या हातानं तपासली, आणि मग माझ्याकडे वळली.

“आता खरं सांग. काय झालंय या गाडीला?”

“गाडी पुढची चाकं ओढतात. टायर मागे आहेत.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“खात्रीनं, डिसेंबरपासून.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. “मार्चमध्ये मला विमानात बसवून आलास की काकांकडेच राहायला जा. तुझा संसार त्यांच्याशीच आहे.”

“चाकं बदलू?”

“या उतारावर? चोवीस मिनिटं राहिली.”

वायपर चालू होते. तिची नजर रस्त्यावरून वर गेली, वळणापर्यंत, आणि तिथेच राहिली. मला वाटलं, ती रडते आहे. ती विचार करत होती.

“नागपूरला आमच्याकडची लिफ्ट कायम बंद असायची,” ती म्हणाली. “पेशंट जिन्यानं वर न्यायचो. स्ट्रेचर चढवताना वजन कोणावर येतं माहीत आहे? वरच्या माणसावर नाही. खालच्यावर. त्याचे पाय पायरीत रुतायचे.”

“मग?”

“मग ओढणारी चाकं खाली ठेव ना. इंजिनही त्याच बाजूला आहे. सगळा भार तिथे येईल. गाडी फिरव आणि उलटी चढव.”

“पाऊण मैल? रिव्हर्समध्ये?”

“तुझ्याकडे दुसरं काही आहे का?”

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. खाली मोकळ्या जागेत मी गाडी फिरवली. मागची काच बर्फानं माखली होती, ती उतरून तिनं बाहीनं पुसली. मग सीटवर मागे तोंड करून गुडघे टेकून बसली, सीटच्या पाठीला मिठी मारून. मी एक हात स्टिअरिंगवर, मान पूर्ण मागे. रिव्हर्स टाकला. गाडी एकदा थरथरली आणि चढायला लागली.

“डावीकडे,” ती म्हणाली. मी फिरवलं. गाडी भिंतीकडे गेली. “डावीकडे रे बाप्पा!”

“फिरवलं ना डावीकडे!”

“डावं-उजवं बंद. भिंत आणि झाडं. एवढंच बोलू.”

त्यानंतर त्या गाडीत दोनच शब्द उरले. “झाडं. झाडं. बस. भिंत. थोडी भिंत. झाडं.” इंजिन दळण दळल्यासारखं घुरघुरत होतं, माझी मान कलथली होती, आणि चाकं धरून होती. पाय जरा जड झाला की पुढचं टोक डुलायचं, हलका झाला की गाडी मंदावायची. मधली जागा बोटभर होती.

वळण आलं, तेच. “झाडं,” ती म्हणाली, “झाडं, झाडं,” आणि मग वेगळ्याच आवाजात, “ट्रक.”

वरून बर्फ ढकलणारा ट्रक येत होता. समोर रस्ताभर रुंद लोखंडी फाळ, डोक्यावर फिरणारा पिवळा दिवा.

“थांबू?”

“थांबलास तर खाली गेलो. चालव.”

“तो कुठल्या बाजूला आहे?”

“मधे.”

मी चालवत राहिलो. मला मागच्या काचेत फक्त पिवळा उजेड दिसत होता, जवळ येणारा. ती श्वास घेत नव्हती, मला तिच्या बरगड्या खांद्याशी लागत होत्या आणि त्या हलत नव्हत्या. “भिंत,” ती म्हणाली. “आणखी भिंत. आणखी.” भिंतीचे दगड माझ्या दारापासून वीतभर अंतरावरून सरकायला लागले. तेवढ्यात फाळ वर उचलल्याचा खणखणाट झाला, ट्रक झाडांच्या बाजूला सरकला आणि थांबला. आम्ही त्याच्या शेजारून पार्श्वभाग पुढे करून वर गेलो. ड्रायव्हरनं काच खाली केली होती. त्यानं टोपी काढली.

ट्रकनं खरवडलेला रस्ता पुढे लागला आणि शेवटचा टप्पा सोपा गेला. हॉस्पिटलच्या दाराशी आठ छप्पन्नला गाडी उभी राहिली, शेपूट दाराकडे. तिनं बूट बदलले, फाटक्या मोज्यावर कोट ओढून घेतला, माझ्याकडे न बघता आत गेली.

मी पार्किंगमध्ये बसून राहिलो. साडेनऊ. दहा. बर्फ थांबला. सव्वादहाला एक माणूस बाहेर आला, सिगरेट ओढून आत गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मी निकाल वाचायचा प्रयत्न केला, इतका कामातून गेलो होतो. इतका वेळ लागतोय म्हणजे चांगलं. की उशिरा आत घेतलं? की हातावर टाके घालताहेत?

पावणेअकराला ती आली. दार उघडलं, बसली, बूट काढले.

“जुलै,” ती म्हणाली.

“काय जुलै?”

“पहिल्या जुलैपासून या म्हणाले. कागद पाठवतील.” मग हसायला लागली, आणि हसता हसता रडली. तिच्या दुखऱ्या हातावरच मी थाप मारली, त्यावर ती ओरडली.

आतल्या फोनवरून तिनं काकांना आधीच कळवलं होतं. “ते काय म्हणाले?” मी घाबरत विचारलं.

“म्हणाले, माझे टायर कसे चालले? मी सांगितलं, काका, तुमचे टायर आमच्याही आधी वर पोचले.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. काकांनी ते वाक्य पुढे किती हिवाळे किती जणांना ऐकवलं आणि किती पुढच्या-चाकवाल्यांचे टायर मागे लागले, याचा हिशोब माझ्या डोक्यावर आहे.

मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात तिनं पर्स उघडली आणि दोन पाकिटं काढली. विमान-टपालाची, पातळ, दोन्हींवर नागपूरच्या हॉस्पिटलचा एकच पत्ता, दोन्ही बंद केलेली, दोन्हींवर तिकिटं.

“ही काय?”

“एक राजीनामा. दुसरं, एक एप्रिलपासून रुजू होते म्हणून.”

“दुसरं कधी लिहिलंस?”

“तू भांडी घासत होतास तेव्हा.” ती समोर बघत होती. “आपण खाली अडकलो ना, तिथे कोपऱ्यावर पत्रपेटी होती. नऊ वाजले असते तर मी चालत तिथेच जाणार होते.”

ती पेटी मला दिसलीही नव्हती.

तिनं एका पाकिटाचे चार तुकडे केले, ते कोटाच्या खिशात टाकले आणि दुसरं माझ्या हातात दिलं. हॉस्पिटलच्या दाराशीही एक निळी पेटी होती. मी उतरलो, जपून चालत गेलो. पेटीपाशी आलो आणि थबकलो. दोन पाकिटं, एकसारखी. फाडताना तिनं नीट पाहिलं होतं का?

“नीट बघून फाडलंस ना?” मी ओरडलो.

तिनं काच खाली केली. “मी डॉक्टर आहे! डाव्या किडनीऐवजी उजवी काढणाऱ्यातली नाही मी! टाक!”

तरी मी पाकीट उजेडाकडे धरलं. पातळ कागदातून अक्षरं दिसली, उलटी, पण वाचता येणारी. राजीनामा. ती हॉर्न वाजवत होती. मी पेटीची झडप खाली ओढली आणि पत्र आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.